यशोदेचे काजूगर

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लोबोंच्या खुरसाकडे, म्हणजे अंगणातल्या क्रुसाकडे, लादाईन म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, आणि लादाईन संपली की पावणी. लादाईन देवासाठी, पावणी म्हणजे लिलाव, तो माणसांसाठी, असं कॉस्मे लोबो म्हणत असे, आणि दोहोंपैकी त्याला कशात जास्त गोडी आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. ज्याने त्याने आपल्या घरची वस्तू आणायची. कोणी केळ्यांचा घड, कोणी कोंबडा, कोणी बिबिंकचा केक. पावणी करणाऱ्या भाईने ती हातात धरून पुकारायची, आणि शेवटची बोली करणाऱ्याने वीस रुपयांच्या काकडीला चारशे मोजून ती घरी न्यायची, वर छाती काढून. ज्या घराची पाळी असेल त्या घराने पैशांचं काय करायचं ते ठरवायचं. आजवर सगळ्यांनी खुरसाला रंग दिला होता, त्यामुळे तारकर्लीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांना तो खुरीस कालच बांधल्यासारखा वाटे.

यंदा पाळी कॉस्मेच्या विधवा भावजयीची, लूर्डसची होती, आणि तिने पैसे फाशीविरोधी समितीला द्यायचं ठरवलं होतं.

"कोणाक फाशी नको, ता नीट सांग," कॉस्मे आपल्या मुलीला म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते आणि तो पडवीत गंजीफ्रॉकवर बसून हापूसच्या पेटीत गवत भरत होता. पावणीला दरवर्षी पहिली वस्तू त्याची असे. "जगात कोणाकच नको, की तेका एकट्याक नको?"

"कोणाकच नको, पप्पा," वेनेसा म्हणाली.

"म्हणजे तेका पण नको."

"कोणाकच म्हटल्यार तो पण इलोच मां."

"ताच म्हणतंय मी. सगळ्यांचा नाव घेतास आणि मागल्या दारान तेका आत घेतास."

'तो' म्हणजे सत्यवान. चार वर्षं झाली, या घरात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. लूर्डसचा एकुलता एक मुलगा ॲरोन याने तारकर्लीला चार खोल्यांचं होमस्टे काढलं होतं आणि सत्यवान तिथे स्वयंपाकी होता. एका ऑगस्टमध्ये, पाहुणे नसताना, त्याने ॲरोनच्या बायकोच्या, रिशेलच्या, अंगावरच्या सोन्यासाठी त्या दोघांना मारलं. त्यात शंकेला जागा नव्हती. तो स्वतःही नाही म्हणाला नव्हता. सेशन्स कोर्टाने फाशी दिली आणि आता ते कागद हायकोर्टात शिक्कामोर्तबाची वाट पाहत पडले होते.

आणि कॉस्मेची स्वतःची मुलगी, ॲरोनच्या मांडीला मांडी लावून वाढलेली, कुडाळला एका दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत बसून त्या शिक्षेविरुद्ध पत्रकं छापत होती. खाली लोक दात उपटून घेताना ओरडत आणि वर ही मंडळी जीवनाच्या अधिकारावर बोलत. पावसाळ्याआधी जिल्ह्यातल्या पंधरा गावांत बैठका घ्यायच्या होत्या, तुरुंगातल्यांच्या घरच्यांना भेटीला न्यायचं होतं, आणि समितीच्या पेटीत प्रामाणिकपणाशिवाय फारसं काही उरलं नव्हतं.

"पप्पा, पैशे तेका जाणत नाय. बैठकांका जातत."

"बैठकेत काय सांगतास? सोडा तेका?"

"सोडा नाय. मारू नका."

"मगे पोसा! भाताक मीठ घालून वाढा!" कॉस्मेने गवताचा बोळा पेटीत कोंबला. "माजो पुतण्यो मातयेत आसा आणि मी पावणी करू तेच्या जेवणासाठी? ह्या घरात माफी देवक लूर्डस एकटी पुरी आसा. ती सांतीण झाली, तिचा बरां झाला. मी सांत नाय. माका माफ करूक जमणा नाय, म्हणान मी पैसो देवचंय नाय. माजी आंब्याची पेटी खुरसाक. तुमी काय ता करा."

वेनेसाने वाद सोडून दिला. बापाने पेटी दिली म्हणजे तो अर्धी लढाई हरलाच होता, कारण तिचे पैसे समितीलाच जाणार होते. फक्त त्याला ते कळलं नव्हतं. शिवाय तिला दुसरी काळजी होती. पणजीहून समितीचे दोन पाहुणे यायचे होते, आणि ते लूर्डसआंटीला ऐकायला येणार होते.

*

लूर्डस सांतीण कशी झाली हे लूर्डसला स्वतःलाही नीटसं कळलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी ती सकाळपासून उपाशी होती. अंगात कणकण होती, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि कोर्टाच्या पायरीवर एका बातमीदाराने तिच्या हनुवटीखाली माईक धरून विचारलं, "फाशी झाली मॅडम, समाधान वाटतंय का?" छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे माईक दिसला की तिच्या तोंडून शुद्ध मराठी निघे. ती म्हणाली, "मला कुणाचंच मरण नको आहे हो. जाऊ द्या मला." वाहिनीने पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं कापलं.

आठवड्याभरात पत्रं आली. पाद्रीने चर्चमधल्या रविवारच्या मिसेला तिच्यावर प्रवचन केलं. पुण्याच्या कुठल्याशा महिला मंडळाने चांदीच्या मुलाम्याचं मानपत्र पाठवलं. रिशेलच्या शिरोड्याच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. चांगलं बोलून गेलेल्या माणसाची मोठी पंचाईत होते. वाईट बोललेलं मागे घेता येतं, चांगलं मागे घ्यायला गेलात तर लोक समजूत काढायला येतात. वेनेसाने एकदा विचारलं, "आंटी, आमच्या बैठकेत बोलशात?" आणि लूर्डस हो म्हणाली, कारण ॲरोन गेल्यानंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत तिच्या उशाशी बसलेली एकटी वेनेसाच होती. तेव्हापासून ती सतरा गावांत क्षमेवर बोलली होती.

आणि रोज सकाळी चहाचं आधण उकळेपर्यंत ती सत्यवानला फासावर चढवत असे. अगदी बारकाईने. काळी टोपी, दोरीची गाठ, पायाखालची फळी. चहात दूध घातलं की थांबत असे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पाद्रीसमोर पापांची कबुली द्यायच्या कुमसारातही नाही. देवाला माहीत असेल तर असो, पण देव वेनेसाला सांगायला जाणार नव्हता. आज मात्र पणजीची माणसं येणार, अख्खी वाडी बसणार, आणि आपण माईक घेऊन खोटं बोलणार. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ती त्या विषयावर कधी बोलली नव्हती. परक्या गावात खोटं बोलणं सोपं असतं.

खुरसाकडे वाटायचे चणे शिजत असताना तिने दोन्ही पुरुषांना स्वयंपाकघरात बोलावलं. एक तिचा थोरला दीर कॉस्मे, वय अडुसष्ट. दुसरा तिचा धाकटा भाऊ सॅविओ, वय बावन्न, म्हापशाला तीन मजली हॉटेलचा मालक, नुकताच गाडीतून उतरलेला. दोघे चुलीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांकडे पाहायचं टाळू लागले.

या वैराचं मूळ लूर्डसच्या लग्नात होतं. म्हापशाच्या मंडळींनी रांधलेलं डुकराचं सोरपोतेल पंगत अर्धी असतानाच संपलं, आणि कॉस्मेने भर मांडवात विचारलं, "म्हापशाक डुकरां संपली काय?" सॅविओ तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने हॉटेल काढलं त्यामागे हेच वाक्य होतं असं लूर्डसला कायम वाटत आलं. पैसा हातात आल्यापासून तो दर मे महिन्यात पावणीला यायचा आणि कॉस्मेच्या प्रत्येक बोलीवर बोली चढवायचा. गेल्या वर्षी दोघांच्या भांडणात एक पपई सात हजारांना गेली होती, आणि ती पिकलेलीही नव्हती.

"आज तुमी एकमेकाच्या बोलयेर बोली करूची नाय," लूर्डस म्हणाली. "भायरची माणसां येतली. ह्यो मरणा-जगण्याचो पैसो. तेचो तमाशो नको."

"मी खंय तमाशो करतंय, बाय?" सॅविओ म्हणाला. "पपई कोणी व्हेली, ता इचार."

"पपई कोणी चढयली, ता आदी सांग!" कॉस्मे म्हणाला.

"बगलास? हेच! आलटून पालटून करा. एक वस्तू कॉस्मेबाबांची, दुसरी सॅविओची. एकाच्या पाळयेक दुसऱ्यान तोंड उघडूचा नाय. खुरसाची आण घेवा."

दोघांनी आण घेतली. बाहेर पडताना कॉस्मे सॅविओला हलक्या आवाजात म्हणाला, "हिच्या फंडाक मी एक पैसो देवचंय नाय. माज्या पाळयेक गप रवतलंय." सॅविओ म्हणाला, "शाबास. मी पण शंभराच्या वर जावचंय नाय. ॲरोन माजो भाचो हुतो." चाळीस वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत झालं, आणि तेही लूर्डसच्या विरोधात. आत चण्यांत खोबऱ्याचे काप घालताना लूर्डसला मात्र आपण मोठं काम केलं असं वाटत होतं.

*

पाच वाजता लादाईन झाली, सव्वापाचला पावणी सुरू झाली, आणि साडेपाचपर्यंत वेनेसाच्या लक्षात आलं की हा कार्यक्रम आपटणार.

भाई तर जीव तोडून पुकारत होता. तो गाबीतवाडीतला, देवळाच्या जत्रेतली पावणीही तोच करी आणि खुरसाकडचीही. दोन्हीकडच्या देवांना त्याचा आवाज ओळखीचा होता. पण त्याच्या धंद्याचे दोन खांब आज हललेच नव्हते. कॉस्मे पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या पाळीच्या वस्तू वाडीतल्या लोकांनी चाळीस-पन्नासात नेल्या. सॅविओ आपल्या पाळीला पन्नास म्हणे आणि हसून सभ्यपणे खाली बसे. दोघे एकमेकांना मान झुकवून वाट देत होते. वाडी कंटाळली होती. लोक पावणीला वस्तूंसाठी येत नसत, या दोघांसाठी येत. पणजीहून आलेले पाहुणे मात्र म्हणाले, किती शांत, सुसंस्कृत कार्यक्रम आहे.

मग वेनेसाला रस्त्याच्या कडेला, माडाखाली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई दिसली. यशोदा होती ती.

समितीकडे सांगण्यासारखी दोन माणसं होती. एक लूर्डसआंटी, मारलेल्याची आई. दुसरी यशोदा, मारणाऱ्याची आई. दोघी बैठकांत बोलायच्या, पण वेनेसा दोघींना कधीही एका गावात, एका दिवशी नेत नसे. कोर्टातल्या तारखांनंतर त्या एकमेकींसमोर आल्या नव्हत्या. कणकवलीच्या वरच्या अंगाला यशोदेची थोडी काजूची झाडं होती. तिला वेनेसाने फोनवर बजावून सांगितलं होतं, "यशोदाकाकी, तुमी रविवारी येव नकात." यशोदेने हो म्हटलं होतं. आणि दोन एसट्या बदलून आली होती.

तिने आपली रोवळी केव्हा टेबलावर ठेवली ते कोणी पाहिलं नाही. भाईने ती उचलली, वरचं केळीचं पान बाजूला केलं आणि त्याचा आवाज आपोआप चढला.

"ओले काजूगर! चार शेकडे! सोललेले, सफेद, नखाचो डाग नाय! असले काजूगर मे म्हयन्यात गावतत खंय? देणारा कोण?"

देणाऱ्याचं नाव पुकारायचं हा नियम. नावाशिवाय पावणी होत नाही. माडाखालून आवाज आला, "यशोदा." भाईने तिकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुढचं नाव गिळलं. पण तेवढं पुरेसं होतं. मागच्या बाकांवरून कुजबुज पुढे आली आणि कॉस्मेच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

कॉस्मेने मान वळवून पाहिलं. बाईचे हात त्याला इतक्या लांबूनही दिसले. ओल्या काजूचा डीक, म्हणजे चीक, बोटं जाळतो. चार शेकडे सोलणाऱ्याच्या बोटांची सालं निघतात. तिच्या बोटांना काळे चट्टे पडले होते. कॉस्मेला क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला. तो तोंड फिरवून समोर पाहू लागला.

"बोला, काजूगर एकवार!" भाई म्हणाला.

पाळी कॉस्मेची होती. सॅविओने आण घेतली होती, त्यामुळे तो आपल्या नखांकडे पाहत बसला. आणि वाडीतला कोण पुढे होणार? रक्त लोबोंचं, काजू मारेकऱ्याच्या आईचे. लोबोंच्या आधी तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

"काजूगर दोनवार!"

तीनदा पुकारून बोली आली नाही तर वस्तू देणाऱ्याच्या हातात परत जाते. तसं एकदाच झालं होतं, वेनेसाच्या जन्माआधी, एकाच्या कोंबड्याच्या बाबतीत. तो माणूस पुन्हा या खुरसाकडे आला नाही, आणि त्याच्या घरचेही आले नाहीत. वेनेसाने स्वतः बोली करावी म्हणून तोंड उघडलं, पण समितीच्याच बाईने समितीसाठी बोली केली तर ती कसली बोली? तिने लूर्डसआंटीकडे पाहिलं. सगळेच लूर्डसकडे पाहत होते. पणजीच्या पाहुण्याने फोन वर करून तिच्यावर रोखला होता. सतरा गावांत बोललेली क्षमा आता करून दाखवायची वेळ आली होती.

 रोवळीतले काजू पाहून लूर्डसला ॲरोनच्या होमस्टेमधली उसळ आठवली होती, सत्यवानच्या हातची. ती दोनदा मागून खाल्ली होती तिने. तिच्या मनात एकच आलं, हिला जाऊ दे, परत नेऊ दे ते काजू, मला पाहायचे नाहीत. मग ती बाई रोवळी परत घ्यायला माडाखालून दोन पावलं पुढे आली. तिने हातही पुढे केले होते. परत मिळणार हे घरूनच ठरवून आलेल्या माणसाचे हात असतात, तसे ते होते. लूर्डसला ते सहन झालं नाही. तिच्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं, माफी नव्हती, बोली तोंडातून निघत नव्हती. तिने जे जवळ होतं ते वापरलं.

"कॉस्मेबाब! सॅविओ!" ती ओरडली. "तुमची आण मी परत घेतलंय. आता भांडा!"

क्षणभर कोणाला कळलं नाही. सॅविओला सगळ्यात आधी कळलं. तो उठून उभा राहिला, आणि चाळीस वर्षांचा सगळा आनंद त्याच्या तोंडावर आला.

"पाचशे!" तो म्हणाला. आणि खुरसाकडे पाहत, जणू देवालाच सांगतोय अशा आवाजात, "लोबोंका काजू परवडूचे नाय आसतीत."

कॉस्मेचा चेहरा लाल झाला. त्याचा फाशीला पाठिंबा होता, समितीला विरोध होता, या बाईच्या हातचं काही आपल्या घरात येऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण म्हापशाच्या माणसाने लोबोंच्या खुरसावरून ते न्यावं हे त्याहून वाईट होतं.

"हजार!"

"दोन!"

"तीन! आणि खाली बस, हॉटेलवाल्या!"

बाक सरकले. मागची माणसं पुढे आली. "पाच!" "सात!" भाईचा घसा मोकळा झाला, तो एकदा इकडे, एकदा तिकडे रोवळी नाचवू लागला. सॅविओ दहा म्हणाला. कॉस्मे खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून ओरडला, "बारा हजार! आणि म्हापशाक काजू संपले आसतीत तर घराक येवन मागा!"

सॅविओने वाकून नमस्कार केला आणि बसला. "व्हर, बाबा. तुजे काजूगर."

टाळ्या वाजल्या. भाईने रोवळीतले काजूगर केळीच्या पानात ओतून पुडा कॉस्मेच्या हातात दिला, आणि त्या वजनाने कॉस्मे जागा झाला. त्याने पुड्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, समितीच्या पेटीकडे पाहिलं.

"शिरा पडली माज्या तोंडार," तो हळूच म्हणाला.

*

चणे वाटायला सुरुवात झाली तेव्हा रिकामी रोवळी टेबलावरच होती. लूर्डसने ती उचलली. रोवळी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तिने तीत दोन डाव चणे घातले आणि माडाखाली गेली. वेनेसा लांबून पाहत होती.

"रोवळयेसाठी थांबललंय, बाई," यशोदा म्हणाली. "साडेसहाची गाडी आसा."

"वेनेसान तुका येव नको सांगितलेलां."

"होय. सांगितलेलां."

"मगे कित्याक इलंस?"

"सगळे सांगतत तुमी माफ केल्यात. माका बगूचा हुता." यशोदेने पदर सारखा केला. "नाय केल्यात."

लूर्डसने रोवळी तिच्या हातांत दिली. निकालापासून आजवर हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला हवं असं तिला वाटलं, पण त्या बाईच्या आवाजात दोष नव्हता.

"तुका कसा कळला?"

"कोर्टात तुमी तेच्याकडे बगी हुत्यात, तशीच मी पण बगी हुतंय. मी पण करूक नाय, बाई. मी आवस तेची. मी जेलात जातंय तां लोकांका वाटता रडूक जाता. मी गाळी घालूक जातंय. रिशेलबाय माज्या घराक येवन जेवलेली, माज्या पानार. ताच मी तेका दर खेपेक सांगतंय. तो मान खाली घालून आयकता. वेळ संपली की शिपाय सांगता, मावशे, चल. मी सांगतंय, फुडच्या म्हयन्यात येतंय, माजा सांगून झाला नाय अजून." तिने रोवळी पदराखाली घेतली. "तेका टांगलो तर मी कोणाक सांगू?"

लूर्डसने तिच्याकडे पाहिलं आणि तिला रोजची सकाळ दिसली. गाठ, फळी, आणि फळी सरकल्यानंतरचं स्वयंपाकघर. तिथपर्यंत ती रोज जात असे आणि घाईने दूध घालत असे, कारण त्यापुढे काहीच नव्हतं. ॲरोन नव्हता, रिशेल नव्हती, आणि आता तोही नव्हता, ज्याच्यावर हे सगळं टाकता येईल. नुसती ती आणि चहा. तिला एवढी वर्षं वाटत आलं होतं की आपण खोटं बोलतोय. आज कळलं की 'मरण नको' हे वाक्य खरं होतं, खोटं होतं ते फक्त क्षमेचं कारण. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

"आंटी!" वेनेसा हाक मारत आली. पावणी संपली की पाळीच्या घराने दोन शब्द बोलायचे असतात, आणि भाई माईक घेऊन उभा होता. वेनेसाने तिच्या हातात कागद दिला. वर लूर्डसच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'क्षमेचं बळ.'

लूर्डसने कागद घडी घालून कमरेला खोचला आणि माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच माईकसमोर तिच्या तोंडून शुद्ध मराठी निघाली नाही.

"तुमी सगळे इलात, बरां वाटला. माका एक सांगूचा आसा. मी सत्यवानाक माफ करूक नाय."

चार वर्षांत त्या नावाचा त्या अंगणात झालेला तो पहिला उच्चार. पणजीच्या पाहुण्याने फोन खाली घेतला. वेनेसाने डोळे मिटले. पंधरा गावं, पत्रकं, सगळं तिला बुडताना दिसलं.

"करतलंय असा वाटणा पण नाय," लूर्डस म्हणाली. "माफ केलंय म्हणान गावागावात सांगत फिरलंय, ता खोटा. पण तेका फाशी नको. ता खरा. तो जिवंत रवूक होयो. मी मरापर्यंत रवूक होयो. माजो राग लय आसा, तो मातयेर काढूक जमणा नाय. समितीक पैसो ह्याच्यासाठी होयो. देवचो आसलो तर देवा. माफ करूची गरज नाय."

 पाद्री आपल्या चण्यांकडे पाहत राहिला. मग पुढच्या खुर्चीतून कॉस्मे उठला, हातात काजूगरांचा पुडा, तोंडावर फसवणूक झालेल्या माणसाचा संताप.

"लूर्डस! ह्या आदीच सांगूक तुका काय झाल्ला? माफ करूक होया म्हणान मी आजवर एक पैसो देवक नाय! माफ न करता देवक जमता, ह्या कोणी सांगूक नको?"

"तवां माका तरी खंय म्हायती हुता, कॉस्मेबाब," लूर्डस म्हणाली.

मग तिने माईक भाईच्या हातात दिला आणि साडेसहाची गाडी येईपर्यंत यशोदेला बसायला खुर्ची शोधू लागली.